शिवारसल्ला : पांदणीवर झाडं किती लावायची?

या वेळी टपालात आणि फोनवर एकाच विषयाचे प्रश्न जास्त आले. पांदणी, म्हणजे शेतांमधून जाणाऱ्या जुन्या वाटा, मोकळ्या झाल्या, मुरूम पडला, आता कडेनं झाडं लावायची आहेत. त्यातली तीन पत्रं घेते. पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण त्यात बाकीच्या पुष्कळ पत्रांचीही उत्तरं आहेत.

ताई, नमस्कार. आमच्या गावातून नदीकाठच्या महादेवापर्यंत जाणारी दोन किलोमीटरची पांदण गेल्या वर्षी लोकवर्गणी आणि श्रमदानातून मोकळी केली. वस्तीवरची लेकरं आता त्याच वाटेनं शाळेत येतात, सकाळी बायामाणसं फिरायला जातात. पण उन्हाळ्यात अकरानंतर तिथं पाय ठेववत नाही. सगळ्या वाटेवर एक बाभूळ आणि दोन कडुलिंब, एवढीच सावली. येत्या १ जुलैला हजार झाडं लावावीत असं चाललंय, साठ-सत्तर जणांनी नावं दिलीत. पण धाकधूक आहे. मागे गायरानात एका संस्थेनं लावलेल्या झाडांपैकी पुढच्या मे महिन्यात एकही उरलं नव्हतं. कोणती झाडं लावावीत, रोपं कुठून आणावीत आणि लोक टिकवावेत कसे?
– एक शिक्षक, केज तालुका, जि. बीड

सर, नमस्कार. हजाराचा आकडा जरा बाजूला ठेवा आणि गावातल्या चार जाणत्या माणसांना एकच विचारा : पांदणीजवळ मे महिन्यात कुणाच्या विहिरीला, कुणाच्या बोअरला पाणी असतं आणि ते द्यायची त्याची तयारी आहे का? तुमचा आकडा त्या उत्तरातून निघेल.

हिशेब मांडून दाखवते. एका लहान झाडाला उन्हाळ्यात आठवड्याला निदान पंधरा लिटर पाणी लागतं. फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून मृग निघेपर्यंत साधारण अठरा पाळ्या होतात. हजार झाडांना एका पाळीला पंधरा हजार लिटर, म्हणजे पाच हजाराचे तीन टँकर. अठरा पाळ्यांचे चोपन्न टँकर, आणि हे एका उन्हाळ्याचं झालं. दुसऱ्या उन्हाळ्यातही पाणी द्यावंच लागतं, पाळ्या थोड्या लांबवता येतात एवढंच. आपल्याकडे २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशा वर्षी झाडांसाठी टँकर मागायची कुणाची हिंमत होणार? गायरानातली झाडं बहुधा अशीच गेली असतील. लावताना शंभर हात होते, फेब्रुवारीत बादली कुणाच्या हातात असेल हे ठरलेलं नसणार.

आता वाटेची लांबी बघा. दोन किलोमीटरला एका बाजूनं वीस-वीस फुटांवर झाड धरलं तर सव्वातीनशेच्या आसपास झाडं बसतात. त्यांची एक पाळी एका टँकरमध्ये उरकते. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी त्यातली दीडशेच लावा, गावाकडच्या टोकापासून, जिथं पाणी आणि माणसांची नजर दोन्ही आहे. दीडशे झाडांची पाळी म्हणजे दोनशे लिटरचे अकरा-बारा ड्रम. ट्रॉलीत ठेवून चार पोरं एका सकाळीत देतात. ती जगली की पुढच्या वर्षी लोक आपणहून पुढचा टप्पा मागतील.

कुदळ मारण्याआधी ग्रामसभेत ठराव घ्या आणि तलाठ्याकडे गावनकाशा बघून घ्या. नकाशावर तुमची वाट तुटक दुहेरी रेघेनं दाखवली असेल तर ती गाडीमार्ग आहे, आणि गाडीमार्गाची रुंदी साधारण साडेसोळा ते एकवीस फूट धरतात. एवढ्या रुंदीत दोन्ही बाजूंनी झाडं लावली तर दहा वर्षांनी ऊस भरलेली ट्रॉली निघणार नाही, आणि त्या दिवशी झाडांवर कुऱ्हाड पडेल. म्हणून एकच बाजू घ्या. कोणती, ते वाटेच्या दिशेवर ठरवा. आपल्याकडे वर्षातले बहुतेक महिने सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, सावली उत्तरेला पडते. वाट पूर्व-पश्चिम जात असेल तर झाडं दक्षिणेच्या कडेला लावा, सावली वाटेवर पडेल. वाट दक्षिणोत्तर असेल तर पश्चिमेच्या कडेला लावा, म्हणजे दुपारी शाळा सुटल्यावर लेकरांच्या डोक्यावर सावली राहील. विजेच्या तारा जिथून जातात तिथं उंच वाढणारं काही लावू नका. आणि पांदणीच्या कडेनं शेतकऱ्यांच्या पाइपलाइनी पुरलेल्या असतात. प्रत्येकाला त्याची लाइन दाखवायला सांगून चुन्यानं खुणा करून घ्या. पहिल्याच दिवशी कुणाची पाइप फुटली तर त्या घरातला माणूस पुन्हा येणार नाही.

झाडं कोणती? तुम्हाला सावली एप्रिल-मे मध्ये हवी आहे, तेव्हा त्या दिवसांत पानं अंगावर असतील अशीच झाडं मुख्य रांगेत धरा. कडुलिंबाला आणि करंजाला ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर नवी पालवी फुटते. चिंच, आंबा, जांभूळ हेही सावली देतात. गुलमोहर दिसायला सुंदर, पण ऐन उन्हात फुलतो तेव्हा पानं विरळ आणि वादळात फांद्या मोडतात. शाळेत येणाऱ्या लेकरांच्या वाटेवर मला तो नको वाटतो. सुबाभूळ तर आणूच नका, तिचं बी सगळ्या शिवारात पसरतं आणि मग धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, काढता काढता शेतकरी तुमच्या नावानं बोटं मोडतील. नदीकडच्या उतारावर, जिथं ओल टिकते तिथं अर्जुन, उंबर, जांभूळ. मधल्या मुरमाड पट्ट्यात कडुलिंब, बेल, कवठ, सीताफळ. वड किंवा पिंपळ एखादाच, तोही देवळाजवळच्या मोकळ्या जागेत. आपटा दोन-चार जरूर लावा, पण दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी तिथं राखण ठेवा, नाहीतर सकाळी नुसत्या काड्या उभ्या दिसतील.

शेळ्यांचा प्रश्न तुम्ही लिहिला नाहीत, पण तो येणारच. सीताफळ, करंज, निरगुडी, अडुळसा यांना शेळी सहसा तोंड लावत नाही. कडुलिंब मात्र आवडीनं खाते. म्हणून शेळ्यांच्या येण्याजाण्याच्या जागी करंज-सीताफळ आणि घरांच्या समोर कडुलिंब अशी वाटणी करा. लोखंडी जाळ्यांवर पैसे घालू नका. बोरी-बाभळीच्या काट्या गोल रोवून वर तुराट्यांनी बांधल्या की दोन हंगाम निघतात, आणि त्या काट्या तोडून आणणं हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं जमतं. शेळ्या राखणाऱ्या आजींनाही बैठकीला बोलवा. कोणती वाट कधी मोकळी हवी ते त्या सांगतील, आणि सांगितलेलं पाळतील.

रोपांसाठी सामाजिक वनीकरणाच्या तालुक्यातल्या रोपवाटिकेत लेखी मागणी आधीच नोंदवा. जूनमध्ये गेलात तर उरलीसुरली मिळतात. आंबा किंवा इतर फळझाडांची कलमं हवी असतील तर परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडे चौकशी करा. माझी सगळी नोकरी रोपवाटिकेत गेली, म्हणून हात लावून रोप निवडायला सांगते : कमरेएवढं उंच, खोड करंगळीएवढं जाड, पानं गर्द. वीतभर रोपं फुकट मिळाली तरी घेऊ नका. पांदणीवर ती गवतात हरवतात आणि खुरपताना कापली जातात.

लावायच्या दिवशी प्रत्येक खड्ड्यावर एक माणूस असा ठेवा ज्याला हे माहीत आहे. पिशवी ब्लेडनं उभी चिरायची, रोप ओढून काढायचं नाही. मग तळ बघायचा. जुन्या रोपाच्या मुळ्या पिशवीच्या तळाशी गोल वेटोळी घालून बसलेल्या असतात, काही तर पेन्सिलीएवढ्या जाड. त्या तशाच पुरल्या तर जमिनीतही गोलच फिरत राहतात. झाड दोन-तीन वर्षं हिरवं दिसतं आणि एका वादळात बुडापासून आडवं होतं. तेवढं वेटोळं धारदार कात्रीनं कापायचं, मातीचा गोळा दोन्ही हातांत धरून खड्ड्यात बसवायचा, पिशवीत माती जिथपर्यंत होती तिथपर्यंतच पुरायचं आणि टाचेनं कडेची माती दाबायची. रिकाम्या पिशव्या एका पोत्यात गोळा करून शेवटी मोजा. दीडशे रोपं तर दीडशे पिशव्या. कमी भरल्या तर कुठंतरी घाईत पिशवीसकट रोप पुरलं गेलंय. त्याच दिवशी उकरून काढा.

खड्डे मे महिन्यातच घ्या, दीड ते दोन फुटांचे, म्हणजे ऊन लागून किडी मरतात. वरची माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला. भरताना वरची माती, घमेलंभर कुजलेलं शेणखत आणि वाळवीसाठी दोन मुठी निंबोळी पेंड. काळ्या जमिनीतला खड्डा पावसाआधीच भरून ठेवा, थोडा उंच. तसा नाही भरला तर त्यात पाणी साचून मुळ्या कुजतात. मुरमात उलटं करायचं, उताराच्या वरच्या बाजूनं पाणी आत वळेल असं अर्धगोल आळं काढायचं.

१ जुलै ही तारीख सोयीची आहे, वनमहोत्सवाचा आठवडाही त्याच दिवशी सुरू होतो. पण तुम्ही तारखेला बांधून घेऊ नका. दोन चांगले पाऊस होऊन हातभर खोल ओल गेली की लावा, मग ते आर्द्रा असो की पुनर्वसू. आपल्याकडे लावल्यानंतर पंधरा-वीस दिवसांचा खंड पडतो हे ठरलेलंच आहे, म्हणून पावसाळ्यातल्याही दोन पाळ्यांचं पाणी हिशेबात धरा.

राहिली माणसं. साठ-सत्तर नावं लावण्याच्या दिवशी पुरेत, पण वर्षभरासाठी पंधरा घरं शोधा, शक्यतो पांदणीच्या कडेला वस्ती किंवा शेत असलेली. प्रत्येक घराला दहा झाडं. खुणेच्या दगडावर रंगानं एक ते दीडशे आकडे टाका आणि एक वही किराणा दुकानात ठेवा. त्यात झाडाचा आकडा, पाणी कधी दिलं, कुणी दिलं एवढंच लिहायचं. पाण्याचा वार आठवडी बाजाराला जोडा. बाजाराच्या आदल्या सकाळी पाणी, असं एकदा बसलं की निरोप द्यावा लागत नाही. कुणाच्या घरी लग्न, कुणी ऊसतोडीला गेलेलं, तर त्याची दहा झाडं शेजारच्यानं सांभाळायची हेही आधीच ठरवा. तुमच्या भागातली कितीतरी घरं दिवाळीनंतर तोडीला जातात, आणि पाण्याची गरज नेमकी ती बाहेर असतानाच सुरू होते. ही गोष्ट बैठकीत उघडपणे बोला. बचत गटातल्या ज्या बायका गावात राहतात त्यांच्याकडे ती झाडं जाऊ द्या आणि त्याबद्दल ग्रामपंचायतीनं काही मोबदला द्यावा. त्यांच्या कष्टाला फुकटात धरू नका. रोजगार हमीतून वृक्षलागवड आणि संगोपनाची मजुरी मिळू शकते, ग्रामसेवकाला त्याचा प्रस्ताव करायला सांगा.

जमलं तर पावसाळ्यानंतर लेकरांना बीडजवळच्या पालवणला घेऊन जा. तिथल्या सह्याद्री देवराईत २०२० च्या फेब्रुवारीत वृक्षसंमेलन झालं होतं आणि त्याचं अध्यक्षपद वडाच्या झाडाला दिलं होतं. आपल्याच जिल्ह्यातला एके काळचा उजाड डोंगर झाडांनी भरलेला बघून आल्यावर मुलं वहीत नोंदी करायला मागे लागतात.

ताई, आमच्या गावची पोरं माझ्या शेताला लागून असलेल्या पांदणीवर झाडं लावणार म्हणतात. माझं सोयाबीन आणि तूर असते. सावलीनं पीक बसतं, पाखरं वाढतात, हार्वेस्टर वळत नाही आणि उद्या फांदी तोडली तरी बोंब. नाही म्हटलं तर मी गावाचा शत्रू. काय करावं?
– एक शेतकरी, जिंतूर तालुका, जि. परभणी

दादा, तुमचं म्हणणं खरं आहे आणि ते बैठकीत सगळ्यांसमोर मांडायला हवं. सावलीनं पिकाच्या कडेच्या काही ओळींना फटका बसतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. वरच्या उत्तरात दिशेचा हिशेब दिलाय. वाट पूर्व-पश्चिम असेल आणि तुमचं शेत वाटेच्या दक्षिणेला असेल, तर तुमच्या बाजूनं लावलेल्या झाडाची सावली बहुतेक दिवस तुमच्या पिकावर पडणारच नाही, वाटेवर पडेल. शेत उत्तरेला असेल तर झाडं समोरच्या कडेला लावायला सांगा, हा तुमचा हक्काचा आग्रह आहे.

तुमच्या तुकड्यात चिंच-वड नको, सीताफळ आणि बेल चालेल असं सांगा. ती झाडं आटोपशीर राहतात. शेतात शिरायच्या जागी वीस-पंचवीस फूट मोकळे सोडून घ्या आणि तिथं दगड रोवून खूण करा. झाड डोक्याच्या वर गेलं की खालच्या फांद्या दरवर्षी छाटायच्या, आणि ती छाटणी गावानं करायची, हे ठरावातच लिहून घ्या. चिंचा, सीताफळं, कवठं कुणाची हेही लिहा. पुढं भांडण झाडावरून होत नाही, फळावरून होतं. काही गावांत चिंचेचा लिलाव करून पैसे ग्रामपंचायतीत जातात, तसं करायचं तर कडेच्या शेतकऱ्याचा वाटा आधी ठरवा.

पाखरांबद्दल मात्र माझं ऐका. हरभऱ्यात आणि तुरीत घाटेअळीसाठी शेतात पक्षिथांबे उभे करा असं कृषी खातं स्वतः सांगतं. साळुंकी आणि कोतवाल थांब्यावर बसून अळ्याच टिपतात. कडेचं झाड हा तसलाच थांबा आहे, आणि तो दरवर्षी रोवावा लागत नाही.

आता तुमच्याकडून दोन गोष्टी मागते. एप्रिल-मे मध्ये धुरे पेटवता, तेव्हा आधी झाडं सांभाळणाऱ्यांपैकी कुणाला तरी सांगा आणि झाडांभोवतीचं गवत कापून घ्या. पांदणीवरची लहान झाडं पाण्यावाचून जितकी जातात, तितकीच एका दुपारच्या जाळानं जातात. आणि तणनाशक मारताना वारा असेल तर फवारणी थांबवा. पानं वाकडी होऊन चुरगळलेली दिसली की समजावं, औषधाचा झोत आला. पाणी देऊन ते सुधारत नाही. एवढं तुम्ही कबूल करा आणि बदल्यात तुमच्या सगळ्या अटी ठरावात घालून घ्या. दोन्ही बाजू कागदावर असल्या की कुणी कुणाचा शत्रू ठरत नाही.

मॅडम, मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या कॉलेजचं राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर जानेवारीत असतं. गावानं जुलैत पांदणीवर झाडं लावलीत. जानेवारीत लावणी होत नाही, मग आम्ही तिथं जाऊन काय उपयोग?
– एक विद्यार्थिनी, अंबड तालुका, जि. जालना

पोरी, तुमचं शिबिर अगदी नेमक्या वेळेला आहे. जानेवारीत पाऊस संपून तीन महिने झालेले असतात, गवत वाळलेलं असतं आणि पाण्याच्या पाळ्या सुरू व्हायच्या असतात. या दिवसांत जे काम होतं त्यावर झाडाचा पहिला उन्हाळा निभतो.

पहिल्या दिवशी नुसतं मोजा. प्रत्येक झाडापाशी थांबून जिवंत, मेलेलं, शेळीनं खाल्लेलं, मोडलेलं असं लिहा. सुकलेलं दिसलं तर खोड नखानं किंचित खरवडा. आतून हिरवं निघालं तर ते मेलेलं नाही. मग झाडाभोवतीचं तीन-चार फुटांचं गवत मुळासकट काढा आणि आळं पुन्हा नीट करा. तुमच्याकडची जमीन काळी असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये तिला भेगा पडायला लागतात, त्या भेगांतून मुळ्यांना वारा लागतो आणि बारीक मुळ्या तुटतात. म्हणून आळ्यातली वरची दोन-तीन बोटं माती खुरप्यानं भुसभुशीत करून भेगा बुजवा आणि वर उसाचं पाचट चांगलं चार बोटं जाड पसरा. खोडाला ते चिकटवू नका, वाळवी चढते. पाचटावर मातीची ढेकळं ठेवा, नाहीतर वाऱ्यानं उडून जातं.

काट्यांचं कुंपण तोवर ढिलं झालेलं असतं. जानेवारीत तुरीची काढणी चालू असते, तेव्हा तुराट्या मागितल्या तर शेतकरी देतात. कपाशीच्या पऱ्हाट्याही चालतील. शिबिराच्या शेवटच्या संध्याकाळी गावकऱ्यांसमोर मोजणीचा कागद वाचून दाखवा, मेलेल्या झाडांचे आकडेही. तिथंच विचारा, अमुक ते अमुक आकड्याच्या झाडांना फेब्रुवारीपासून पाणी कोण देणार, आणि जो हात वर करेल त्याचं नाव त्याच कागदावर लिहा. कागदाची एक प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, एक तुमच्या प्राध्यापकांकडे द्या. पुढच्या जानेवारीत नवी तुकडी येईल तेव्हा तीच प्रत तिच्या हातात असू द्या, म्हणजे तिला मोजणी पहिल्यापासून करावी लागणार नाही.